रोमन स्कूटुमचा खांदेपट्टा : पुनर्रचनेतील एक प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राचीन शस्त्रांच्या अभ्यासात तलवार, भाला आणि शिरस्त्राण ह्यांच्याकडे जेवढे लक्ष जाते, तेवढे पट्टा, बंद, दोरी, कडी ह्या गौण वस्तूंकडे जात नाही. ह्याचे कारण उघड आहे. लोखंड गंजले तरी मातीत काही अंशी टिकून राहते. चामडे बहुधा कुजून जाते. परंतु शस्त्र प्रत्यक्षात वागविणाऱ्या शिपायाच्या दृष्टीने विचार केला, तर हे गौणत्व फसवे ठरते. लढाईचा दिवस वर्षातून क्वचितच उगवतो. कूच मात्र रोजचे असते. लढाईत ढाल मुठीत धरावयाची हे खरे. पण कुचाच्या वेळी ती कोठे असावयाची?

रोमन लीजनमधील शिपायाची मोठी, वक्राकार ढाल 'स्कूटुम' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. गेल्या काही दशकांत युरोपात तिच्या अनेक प्रतिकृती तयार झाल्या. ब्रिटनमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या अर्माइन स्ट्रीट गार्ड ह्या मंडळाने अशा प्रतिकृतींचा सातत्याने उपयोग केला. जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान ह्यांनी १९८५ साली काही सहकाऱ्यांसह रोमन सामानसुमान अंगावर घेऊन व्हेरोनाहून आल्प्स ओलांडून आउग्सबुर्गपर्यंत पायी प्रवास केला. अशा प्रत्येक प्रयोगात एक साधा वाटणारा प्रश्न पुढे उभा राहतो : ढालीला खांद्यावर टांगण्याचा पट्टा कसा व कोठे जोडावयाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्याला वस्तुतः काय ठाऊक आहे आणि आपण काय कल्पिले आहे, ह्यांतील सीमारेषा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. ढालीचे स्वरूप

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस ह्याने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात ह्या ढालीचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती वक्र पृष्ठावरून मोजली असता अडीच फूट रुंद व चार फूट लांब असे. दोन लाकडी थर सरसाने एकमेकांस चिकटवून त्यांवर प्रथम जाड कापड व नंतर वासराचे कातडे चढविलेले असे. वरच्या व खालच्या कडेस लोखंडी पट्टी, आणि मध्यभागी लोखंडी फुगा असे. रोमन फूट सुमारे २९.६ सेंटीमीटरचा धरल्यास ढालीची उंची ११८ सेंटीमीटरच्या आसपास येते.

प्रत्यक्ष अवशेष थोडे, परंतु मोलाचे आहेत. ईजिप्तमधील फायूम प्रांतात कस्र-अल्-हरित येथे १९०० साली सापडलेली लाकडी ढाल सुमारे १२८ सेंटीमीटर उंच व साडेत्रेसष्ट सेंटीमीटर रुंद असून ती भूर्ज वृक्षाच्या पातळ पट्ट्यांच्या तीन थरांची आहे. व्होल्फगांग किमिग ह्यांनी १९४० साली ती केल्टिक म्हणून प्रसिद्ध केली. पुढील अभ्यासकांचा कल ती रोमन पद्धतीची मानण्याकडे आहे. दुसरा महत्त्वाचा अवशेष सीरियातील ड्यूरा-युरोपस येथील. येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमी ह्यांनी १९२८ ते १९३७ ह्या काळात तेथे उत्खनन केले. इ.स. २५६ च्या सुमारास ससानी सैन्याने पाडाव केलेल्या ह्या नगरात मिळालेली चित्रांकित स्कूटुम सुमारे १०५ सेंटीमीटर उंच असून तिची फळीही पातळ पट्ट्यांच्या तीन थरांचीच आहे. फायूमच्या ढालीची प्रतिकृती सुमारे दहा किलोग्रॅम भरते, तर ड्यूराच्या ढालीची साडेपाचच्या आसपास. म्हणजे काळाच्या ओघात ढाल आखूड व हलकी होत गेली असे म्हणावयास हरकत नाही.

ढालीच्या पाठीमागे, फुग्याच्या पोकळीवर, एकच आडवी मूठ असे. ग्रीक शिपायाच्या गोल ढालीस दोन आधार असत : मध्यभागी बाहू आत सारण्याचे कडे आणि कडेजवळ हाताने धरण्याची दोरी. त्यामुळे तिचा भार संपूर्ण बाहूवर विभागला जाई. आपल्याकडील गेंड्याच्या कातड्याच्या ढालीसही दर्शनी भागावरील चार फुल्यांच्या मागे कड्या असून त्यांत मुठीचे बंद ओवलेले असत. स्कूटुमला असा दुसरा आधार नाही. तिचा सारा भार एका मुठीवर येतो. म्हणूनच लढाईत ती पुढे ढकलता येते, फुग्याने शत्रूस धक्का देता येतो. आणि म्हणूनच ती हातात धरून मैलोगणती चालता येत नाही. व्हेजिशियसच्या सैनिकी ग्रंथानुसार नव्या शिपायास उन्हाळ्यातील पाच तासांत वीस रोमन मैल, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस किलोमीटर, चालण्याचा सराव करावा लागे. शिवाय साठ रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे वीस किलोग्रॅमच्या जवळपास, ओझे वाहण्याचीही सवय करावी लागे. अशा स्थितीत खांद्यावरून ढाल टांगण्याची काही ना काही सोय असलीच पाहिजे, हे तर्काने सिद्ध होते. सुदैवाने येथे केवळ तर्कावर विसंबून राहण्याची आवश्यकता नाही.

३. पॉलिबियसची साक्ष

पॉलिबियसच्या अठराव्या खंडात, इ.स.पू. १९७ मधील मॅसिडोनियाविरुद्धच्या मोहिमेच्या वर्णनात, तो ग्रीक व रोमन सैनिकांच्या छावणीसाठी खुंट वाहून नेण्याच्या पद्धतींची तुलना करतो. ग्रीक शिपायास आपला लांब भालाच कसाबसा वाहता येतो. त्यात खुंटाची भर त्याला सोसत नाही. रोमन शिपाई मात्र आपली लांब ढाल चामडी पट्ट्यांनी खांद्यांवरून टांगतो, हातात केवळ फेकण्याचे भाले ठेवतो, आणि म्हणून खुंटही सहज नेतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. स्कूटुमच्या खांदेपट्ट्याविषयी इतके स्पष्ट विधान असल्यामुळे ह्या वाक्यातील प्रत्येक शब्द काळजीने तपासून पाहणे इष्ट ठरते.

ढालीसाठी पॉलिबियस 'थुरेओस' हा शब्द वापरतो. तो 'थुरा', म्हणजे दार, ह्यापासून सिद्ध झाला असून होमरच्या काव्यात त्याचा अर्थ दाराशी लावावयाचा धोंडा असा आहे. 'थुरा' हा संस्कृत 'द्वार्' व मराठी 'दार' ह्यांचा सगोत्र. दाराच्या फळीसारखी ढाल हे ग्रीकांना जाणवलेले तिचे पहिले वैशिष्ट्य. आणि दार अंगावर घेऊन चालणाऱ्याची अडचण त्या नावातच सूचित झाली आहे.

पट्ट्यासाठी त्याने योजिलेला शब्द 'ओखेउस'. होमरच्या काव्यात हाच शब्द शिरस्त्राणाच्या हनुवटीखालील बंदासाठी व दाराच्या अडसरासाठी येतो. ह्याचा संबंध वाहणे ह्या अर्थाच्या धातूशी जोडण्याचा मोह होतो, कारण ग्रीकमध्ये 'ओख्' ह्या रूपात दोन भिन्न धातू एकवटले आहेत. एक संस्कृत 'वह्', मराठी 'वाहणे', ह्यांचा सगोत्र. दुसरा 'धरून ठेवणे' ह्या अर्थाचा, संस्कृत 'सह्' ह्याचा सगोत्र. हनुवटीचा बंद व दाराचा अडसर ह्या दोन्ही वस्तू काही वाहून नेत नाहीत, धरून ठेवतात. तेव्हा 'ओखेउस' हा दुसऱ्या धातूचा शब्द होय. पॉलिबियसच्या मनात पट्ट्याचे कार्य ढाल जागेवर धरून ठेवणे असे होते, एवढे ह्यावरून म्हणता येईल. पट्ट्याची रचना मात्र शब्दाच्या व्युत्पत्तीवरून काढता येणार नाही.

तिसरा मुद्दा वचनाचा. 'पट्टे', 'खांदे' व 'ढाली' हे तिन्ही शब्द अनेकवचनी आहेत. ह्यावरून प्रत्येक ढालीस दोन पट्टे असून ते दोन्ही खांद्यांवरून जात, असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु येथे कर्ताही अनेकवचनी आहे. 'शिपायांनी डोक्यांवर पागोटी बांधली' ह्या वाक्यावरून एका शिपायास अनेक डोकी होती असे कोणी म्हणणार नाही. एकेक ढाल, एकेक खांदा व एकेक पट्टा अशी वाटणी धरली तरी वाक्य निर्दोष राहते. सारांश, पट्टा होता, तो चामड्याचा होता, आणि ढाल खांद्यावरून टांगली जाई. एवढे तीन मुद्दे पॉलिबियस निश्चितपणे देतो. पट्टा एक की दोन, ढाल पाठीवर की डाव्या अंगाला, आणि फळीवर जोड कोठे, ह्या प्रश्नांवर तो मौन पाळतो.

४. इतर साधने

ग्रीकांमध्ये ढालीच्या पट्ट्यास 'तेलामोन' असे नाव होते. हिरॉडोटस सांगतो की, ढालीस मूठ लावण्याची कल्पना कॅरियन लोकांची. तत्पूर्वी मान व डावा खांदा ह्यांभोवती टाकलेल्या चामडी तेलामोननेच ढाल सांभाळीत असत. 'तेलामोन' ज्या धातूपासून आला, त्याच धातूचे संस्कृतमधील रूप 'तुला', आणि मराठीतील 'तोलणे' व 'तोल' हे शब्दही त्याच कुळातील. पुढे स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस ह्याने इ.स.पू. २२७ च्या सुमारास आपल्या सैनिकांस दोन्ही हातांनी लांब भाला धरावयास शिकविले, तेव्हा ढाल कड्याऐवजी पट्ट्याने वागविण्याची पद्धत त्यांना घालून दिली, असे प्लूटार्कने नमूद केले आहे. मात्र ह्या दोन्ही उदाहरणांत पट्टा लढाईतही अंगावर असे. रोमन पट्टा कुचापुरता होता. ग्रीक पुरावा रोमन ढालीस जसाच्या तसा लावणे त्यामुळे युक्त नव्हे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील जोसीफस रोमन शिपायाच्या अंगावरील सामानाची यादी देतो. तीत करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामडी पट्टा, विळा, साखळी व तीन दिवसांची शिदोरी ह्यांचा उल्लेख आहे. शिपाई आणि ओझ्याचे खेचर ह्यांत फारसा भेद उरत नाही, असा शेराही तो मारतो. ह्या यादीतील पट्टा ढालीचाच होय, असे काही वेळा गृहीत धरले जाते. परंतु ढालीचा उल्लेख आधीच येऊन गेला आहे आणि पट्टा कुऱ्हाड व विळा ह्यांच्यामध्ये आला आहे. तो औजारांपैकीच एक असणे अधिक संभवनीय होय. ही साक्ष आपल्या प्रश्नास उपयोगी पडत नाही.

रोममधील त्राजानच्या स्तंभावर, जो इ.स. ११३ मध्ये पूर्ण झाला, नावांच्या पुलावरून डॅन्यूब ओलांडणारे शिपाई कोरलेले आहेत. काठीस बांधलेले सामान त्यांच्या डाव्या खांद्यावर आहे, शिरस्त्राण पुढे लोंबते आहे, आणि ढाल डाव्या अंगाला आहे. परंतु ती कशाने टांगली आहे हे शिल्पावरून ठरविता येत नाही. शिवाय आकृती झाकू नयेत म्हणून शिल्पकारांनी ढाली लहान दाखविल्या, असे अभ्यासकांचे मत आहे.

आता सीझरची साक्ष. इ.स.पू. ५७ मध्ये नेर्वी लोकांनी नदीकाठी अकस्मात हल्ला केला, तेव्हा शिरस्त्राणे चढविण्यास व ढालींवरील खोळी काढण्यासही शिपायांना अवसर मिळाला नाही, असे तो सांगतो. लॅटिनमध्ये ह्या खोळीस 'तेगिमेन्तुम' म्हणत. चामडी खोळींचे तुकडे स्वित्झर्लंडमधील विन्दोनिस्सा, नेदरलँड्समधील वाल्केनबुर्ग अशा ठिकाणच्या ओलसर भूमीत टिकून राहिले आहेत. ढालीचे लाकूड व सरस ह्यांना पावसाचे भय असल्यामुळे कुचाच्या वेळी खोळ अत्यावश्यक होती. फळीच्या दर्शनी भागावर ती चढवून कडेच्या शिवणीतील नाडीने पाठीमागे आवळीत. अर्थात पाठीमागचा मधला भाग, म्हणजे मुठीची जागा, उघडीच राहत असे.

५. तोलाचा विचार

येथवरचा पुरावा एकत्र केल्यावर जो भाग रिकामा उरतो, तो भरण्यासाठी वस्तूच्याच गुणधर्मांचा आधार घ्यावा लागतो. पट्टा जोडण्याच्या तीन शक्यता प्रामुख्याने विचारात घेण्याजोग्या आहेत.

पहिली, पट्टा मुठीच्याच आडव्या दांड्यास दोन्ही बाजूंना बांधणे. हा उपाय सर्वांत सोपा. फळीस नवे छिद्र पाडावे लागत नाही. परंतु मूठ ढालीच्या ऐन मध्यावर, म्हणजे गुरुत्वमध्याच्या पातळीवर, असते. त्या पातळीवर टांगलेली वस्तू कोणत्याही एका स्थितीत स्थिर राहत नाही. प्रत्येक पावलागणिक ढाल मागेपुढे कलंडेल आणि तिची खालची कड पोटरीवर आपटेल.

दुसरी, वरच्या कडेजवळ दोन कड्या बसवून त्यांत पट्टा ओवणे. आधार गुरुत्वमध्याच्या वर गेल्यामुळे ढाल सरळ लोंबते, हा लाभ. पण येथे उंचीची अडचण येते. साधारण १६८ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाचा खांदा भूमीपासून सुमारे १३७ सेंटीमीटरवर असतो. ढालीची वरची कड खांद्याशी ठेवली, तर ड्यूराच्या ढालीची खालची कड भूमीपासून सुमारे ३२ सेंटीमीटरवर येते. पॉलिबियसच्या मापाची ढाल १९ वर, आणि फायूमची अवघ्या ९ सेंटीमीटरवर. चालताना मागे उचलली जाणारी टाच शेवटच्या दोन ढालींवर निश्चित आपटेल. उतारावर तर ढाल जमिनीसच घासेल. शिवाय पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या फळीत केवळ दोन रिव्हेटांवर सारा भार टाकल्यास प्रत्येक हिसक्याने छिद्रे वाढत जाणार.

तिसरी, पट्टा तिरपा जोडणे : एक टोक एका बाजूस मध्याच्या बरेच वर, दुसरे टोक विरुद्ध बाजूस मध्याच्या किंचित खाली. त्यामुळे दोन्ही टोकांना जोडणारी रेषा गुरुत्वमध्याच्या थोडी वरून जाते. ढाल पाठीवर किंवा डाव्या कुशीवर तिरपी बसते, तिची उभी लांबी कमी होते आणि तोलही राहतो. उंची व स्थैर्य ह्या परस्परविरोधी गरजांचा मेळ ह्या रचनेत अधिक चांगला बसतो. मोठ्या, जुन्या ढालीच्या बाबतीत तर हाच मार्ग सर्वांत सोयीचा दिसतो.

ह्या तिसऱ्या रचनेत पट्ट्याची टोके फळीस न जोडता खोळीच्या जाड शिवणीस जोडली, तर आणखी दोन लाभ होतात. भार दोन छिद्रांवर न पडता ढालीच्या संपूर्ण कडेवर पसरतो. आणि खोळ उतरविताच पट्टाही उतरतो, त्यामुळे लढाईत उजव्या कुशीवरील तलवारीच्या मुठीत तो अडकण्याचे भय राहत नाही. खोळ न काढताच लढण्याचा प्रसंग आला, तरी मूठ उघडी असल्यामुळे ढाल निरुपयोगी होत नाही. पट्टा दोन बोटे रुंद असावा, म्हणजे तो चिलखतावर रुतणार वा घसरणार नाही. आणि लांबी कमीजास्त करण्यास एक बक्कल असावे. प्रतिकृती करणाऱ्यांस ही रचना सुचविण्यास प्रत्यवाय नाही.

६. तारांकित वस्तू

परंतु येथेच एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. भाषाशास्त्रात उपलब्ध लेखांत न सापडणारे, तुलनेने सिद्ध केलेले रूप लिहिताना त्याच्या आधी तारा देण्याची रूढी आहे. तारा पाहताच वाचकास कळते की हे रूप अनुमानित आहे. आउगुस्ट श्लायखर ह्याने १८६८ साली मूळ इंडो-युरोपीय भाषेत एक छोटी कथा रचली. ती व्याकरणदृष्ट्या त्या काळच्या ज्ञानाशी पूर्णतः सुसंगत होती. तरी हेर्मान हिर्टने पुन्हा लिहिलेली तीच कथा १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे रूप ओळखू येणार नाही इतके पालटले होते. सुसंगती म्हणजे सत्य नव्हे, हा धडा भाषाशास्त्राने असा अनुभवाने घेतला.

ह्याच्या उलट प्रकारही घडतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील वारो ह्याने 'स्कूटुम' हा शब्द कापणे ह्या अर्थाच्या धातूपासून साधला, कारण ती बारीक कापलेल्या फळ्यांची करतात. ही व्युत्पत्ती आज कोणी मानीत नाही. तो शब्द बहुधा ढाल ह्याच अर्थाच्या जुन्या आयरिश 'स्कीअथ' ह्याचा सगोत्र असावा. तथापि चुकीच्या व्युत्पत्तीसाठी वारोने दिलेले कारण मात्र फायूम व ड्यूरा येथील पट्ट्यांच्या थरांशी तंतोतंत जुळते. साक्ष आणि अनुमान एकाच वाक्यात असली, तरी त्यांचे मोल निरनिराळे करावे लागते ते असे.

वस्तूंच्या पुनर्रचनेत तारा देण्याची सोय नाही. कागदावर पट्ट्याचे स्थान संदिग्ध ठेवता येते, लाकडावर नाही. प्रतिकृती करणाऱ्यास कडी कोठेतरी ठोकावीच लागते. मग तिचे छायाचित्र ग्रंथात छापले जाते, त्यावरून दुसरा चित्र काढतो, तिसरा त्या चित्रावरून नवी ढाल तयार करतो, आणि तीनचार पिढ्यांच्या नकलांनंतर मूळचे अनुमान परंपरेचा अधिकार धारण करते. वापरून पाहिलेली रचना पायांस बोचत नाही, हा तिच्या बाजूचा पुरावा आहे खरा. पण तो शक्यतेचा पुरावा होय, घटनेचा नव्हे. रोमन शिपायांनी कमी सोयीची पद्धतही रूढी म्हणून चालविली असेल; भिन्न प्रांतांत व भिन्न शतकांत भिन्न पद्धतीही असतील. पॉलिबियस व ड्यूराची ढाल ह्यांत चार शतकांचे अंतर आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून वरील विवेचनाचा निष्कर्ष दोन भागांत मांडणे योग्य होईल. चामडी पट्टा होता आणि ढाल खांद्यावरून टांगली जाई, हा पहिला भाग. तो किमान इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापुरता लिखित साक्षीने सिद्ध आहे. पट्टा तिरपा होता, तो खोळीस जोडलेला होता, तो दोन बोटे रुंद होता, हा दुसरा भाग. तो सर्वस्वी तारांकित होय. प्रतिकृतीसोबत लावावयाच्या पाटीवर हे दोन भाग निरनिराळे लिहिले, आणि पट्टा ढालीच्या रंगाहून सहज वेगळा ओळखू येईल अशा नव्या चामड्याचा ठेवला, तर पाहणाऱ्याची फसगत होणार नाही. उद्या एखाद्या विहिरीच्या वा खंदकाच्या ओलसर मातीतून पट्ट्यासह खोळ बाहेर आली, तर ही पाटी सुलभतेने पालटता येईल. लोकांच्या मनात रुजलेले चित्र पालटणे मात्र त्याहून पुष्कळ कठीण असते.